बिनतुऱ्याचा मोर

हॅलो?… कोन? नानासो? व्हय रं, तुजी आत्तीच बोलतीया. मोठ्यानं बोल… आत्तीला पोस्टात बोलवून घ्यायला लागलास व्हय आता? गावात तुजा पिक्चर लागला, तवा सोता यायला पाय न्हवतं?

…बघितला की. आख्ख्या गावानं बघितला.

…सांगते ना कसा वाटला, ऐक आदी. तुज्या त्या दोन पोरी केस सोडून उसात पळत्यात. पाचटानं थोबाडं सोलून निघाली असती! अन् सारखं एकमेकीकडं बघून उसासं. त्यांच्या घरचं शेन कोन काढतं रं?

…न्हाई, समदं वाईट न्हाई. पाटाच्या कडंला एक दुसरीची वेनी घालती, रिबन दातात धरून, बोलत काय न्हाई… ते खरं हाय. तितं माजं बी डोळं भरलं. म्हनून तर लय राग आला.

…कशाचा? त्या मोराचा!

…कंचा मोर म्हनून मलाच इचारतोस? हातावर गोंदलेला, बिनतुऱ्याचा! ल्हानपनी त्याची गोष्ट माज्याच मांडीवर ऐकलीस. आपल्या गावातल्या त्या दोगी मैतरनी पोरी हुत्या तवाची. सुई लागली म्हनून साळूबाई रडली, मोराचा तुरा ऱ्हायला. तर मनुबाई म्हनली, माज्या बी मोराला तुरा नगं. साऱ्या मुलखात तसलं मोर दोनच. अन् तू त्यो पडद्यावर बैलाएवढा दावलास!

…नावं बदलली म्हनं! हात बदललास का?

…आरं, तंबूत बाप्ये पडद्याच्या म्होरं, आमी बायका मागल्या अंगाला. मोर दिसला अन् अंधारात समद्यांच्या माना मनुबाईकडं फिरल्या. तिनं हातावर पदर वडला. साळूबाई शेजारीच हुती. कुनीतरी फिस्सदिशी हसलं…

…हॅलो?… आवं मास्तर, तोडू नगा, माजं व्हायचं हाय अजून!

…सांगलीला? सत्कार? दोगींना घिऊन येऊ म्हनतोस?… मनुबाई न्हाई आता हितं. भावानं न्हेली फलटणला. तिचा नवरा मेला तवा त्यो भाऊ फिरकला न्हवता. पिक्चरचं कानावर गेलं अन् आला यस्टीनं. लोकं काय म्हनत्याल म्हनं! आरं, तवापास्नं दोगी एका चुलीवर जेवत हुत्या. परवाच्या दुष्काळात एका पाटीनं खडी वाहिली. गावानं कवा काय इचारलं न्हाई.

…साळूबाई? हाय की. रोज दोगींच्या भाकऱ्या थापती. उरलेल्या म्हशीला घालती.

…शेवट तसाच लागतो? कुनाला लागतो रं? एकीला हिरीत ढकललीस, दुसरीला मांडवात रडवलीस. आमच्या दोगी त्याच हिरीवर पानी शेंदत म्हाताऱ्या झाल्या. ते दावायला काय दुकत हुतं तुजं?

…माफी मला नगो मागूस.

…गप. आता माजं ऐक. पडदा एकच हुता नानासो, पर पिक्चर तू बाप्यांच्या अंगाला बसून काडलास. त्यांला हिरीत पडलेली बाई बघवती, चुलीम्होरं बसलेल्या दोगी बघवत न्हाईत. आन तू बी त्यांच्यातलाच निघालास, माज्या मांडीवर वाडून! फलटणला जा. त्या भावाच्या पाया पड, न्हाईतर भांड, पर मनुबाईला साळूबाईच्या दारात आनून सोड. तवर मला आत्ती म्हनू नगंस. ठेवते.