'कुछ' म्हणजे कोण

पेपरात 'कुछ' हा शब्द दिसला की मला आमचे नाना आठवतात. नाना म्हणजे माझे वडील, ग्वाल्हेरला सरकारी कचेरीत कारकून. राजधानी तिथून भोपाळला जायची होती, त्या उन्हाळ्यात एका सकाळी बातमी आली, 'कुछ दफ़्तर भोपाल जाएँगे.'

आई कैऱ्या फोडायला बसली होती. ती म्हणाली, "त्यात आपली कचेरी आहे का? बरण्या काही भोपाळपर्यंत धड पोचायच्या नाहीत. लोणचं घालू की नको, तेवढं सांगा."

नाना तडक दौलतगंजात त्या पेपरच्या बातमीदाराकडे गेले. "कुछ मतलब कौन से?"

"साहब, हमें भी इतना ही बताया है."

दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'बदली की ख़बर से कुछ कर्मचारी चिंतित.' नानांना धीर आला. आपल्यासारखे आणखी कोण आहेत, हे विचारायला ते पुन्हा गेले.

बातमीदार म्हणाला, "कल तो आप अकेले ही आए थे."

नाना घरी आले. कैऱ्या तशाच पडल्या होत्या. आईनं विचारलं, "मग काय ठरलं?"

नाना म्हणाले, "कुछ कैऱ्यांचं घाल."