टॉवर आमचा, रेंज कुसुमची

हसू नका, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मोबाइलचा टॉवर आणला तो मीच. माझी बहीण मालवणात एकटी, तीही आजारी, आणि आमच्या घरात रेंज धड नसल्याने तिचा फोन रोज अर्ध्यावर तुटायचा. तिचं बोलणं पुरतं ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं.

सभेत समोरच्या बी विंगची कुसुम उठली. "अंगावर किरणं येतील. आमच्या गच्चीवर मुळीच नको!"

मी म्हटलं, "मग आमच्या गच्चीवर बसवा. किरणांनी वाळायला मी काय पापड आहे? सगळं वाचून बसलेय मी."

टॉवर बसला. हौसेने फोन लावला, तर रेंज पहिल्यापेक्षा वाईट! जागा ठरवणाऱ्या इंजिनिअरला बोलावून फैलावर घेतलं.

तो म्हणाला, "आजी, अँटेना सिग्नल समोर फेकते, पायाखाली नाही. तुमचं घर नेमकं तिच्या खाली. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसंच. समोर तिसऱ्या मजल्यावर बघा, झकास रेंज आहे."

समोर तिसऱ्या मजल्यावर कुसुम राहते.

संध्याकाळी तिची बेल वाजवली आणि म्हटलं, "सरक गं. बहिणीला फोन करायचाय." तिने गॅलरीत खुर्ची टाकली.

पलीकडून बहीण म्हणाली, "आज आवाज कसो साफ येता गो! खयसून बोलतंस?"

"माझ्या टॉवरवरून," मी ठणकावलं.

मागून कुसुम ओरडली, "खुर्ची माझी आहे म्हणावं!"