अर्धा ग्राम कलेजी

...न्हाय, तुमीच सांगा मंडळी, तीस वर्षं मटणाचं दुकान चालवतोय मी, कलेजी कुणी अर्धा ग्राम मागितलीय का कदी? सात रस्त्याजवळच्या प्रयोगशाळेत मी अख्खी कलेजी घेऊन गेलो, आन् त्या सिद्धेश्वरी मॅडमनी चिमट्यानं नखाएवढी उचलली आन् म्हणल्या, "बास, काका." अर्धा ग्राम!

गेलो कशाला, तेबी सांगतो. मायाप्पा आमचा धनगर, त्याची चाळीस शेरडं. त्याच्या माळाला लागून कुणीतरी चोरून जुन्या बॅटऱ्या वितळवत हुतं, ते सापडलं, आन् बोंब उठली की शेरडांच्या अंगात शिसं उतरलं! गिऱ्हाईक बंद. सरकारी साहेब सांगून गेला, "रिपोर्ट वाईट आला तर सगळी शेरडं मारून पुरायची." मायाप्पा माझ्या पायरीवर बसून रडतोय. म्हणलं, ऊठ, एक बोकड कापू, तपासून घेऊ.

आता मॅडमच्या कपाळाला विभूती, घरात अंडंबी चालत न्हाय, पण त्या पोरीनं नाक मुरडलं न्हाय हो! बाकीची कलेजी फ्रिजात ठेवली, तुकडा तोलला, आम्लात टाकला, तापवला... पार पाणी! तीस वर्षांत मी कलेजीचं पाणी झालेलं बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी फोन. "काका, शिसं खूप निघालंय." दुसरं कुणी असतं तर सही ठोकून मोकळं झालं असतं की न्हाय? पण ही म्हणती, "थांबा, घाबरू नका. वरच्या बाजूचा अर्धा ग्राम घेतला तर भरपूर, मधून कापून अर्धा ग्राम घेतला तर काहीच नाही. बोकडानं शिसं खाल्लं असतं तर ते आत सापडलं असतं ना? वरून कसं चिकटलं? कलेजीला काही लावलं होतं का?"

लावलं हुतं की वो! माझी बायको, सारजाबाई! "एवढ्या मोठ्या हापिसात तशीच नेताय व्हय? वास मारंल!" म्हणून हळद-मीठ चोळून दिलं, आन् मी शहाणा, प्रयोगशाळेच्या दारातल्या नळाखाली धुऊन आत गेलो, वर तोंडातनं चकार शब्द काढला न्हाय!

मॅडमनी हळद मागवली. किती? अर्धा ग्राम! शिसंच शिसं. पिवळीधमक दिसावी म्हणून कुणीतरी शिशाचा रंग मिसळलेला. आन् बाजारात ढीगभर हळदीतनं सगळ्यात पिवळी निवडून आणणारा कोण? मीच!

मग दुसऱ्या बोकडाची कलेजी नेली, काही न लावता. आतनं साफ, वरनं साफ. शेरडं वाचली! मायाप्पा पाया पडाया वाकला, तर मॅडम मागं सरकल्या, "अय्यो, पाया नका पडू, हातमोजे घाण आहेत माझे." काय सांगू तुम्हाला, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एवढीशी पोरगी, पण अडतीस जीव वाचवले.

डोळे पुसतोय तोवर म्हणती, "काका, ती हळद घरात कधीपासून खाताय?"

म्हणलं, "तीन वर्षं."

"मग तुमचं आणि काकूंचं रक्त तपासायला हवं."

मी हात पुढं केला. म्हणलं, घ्या की, अर्धा ग्राम!

कशाचं हो... भरली नळी काढली! मायाप्पाची शेरडं माळावर उड्या मारत्यात, आन् रिपोर्टाची वाट बघत बसलाय मटणवाला.