अर्धा कोयता

पाथर्डीच्या स्टँडवर बापलेकीचं बोलणं चाललं होतं आणि शेजारी बसलेल्या लंकाबाईंचा कान तिकडेच होता. पोरीच्या मांडीवर नवोदय परीक्षेचं पुस्तक चित्रालेखाच्या गणितावर उघडं होतं.

"आबा, इथं एक चित्र म्हणजे दोन माणसं. मग हे अर्धंच चित्र कशाला?"

"ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. अर्धा कोयता म्हंजी किती?"

"एकच माणूस."

"मग तसंच वाच."

"साडेतीन चित्रं म्हणजे सात माणसं. सोपं हाय की."

"व्हय."

"आई गेली, आता तुमी बी अर्धा कोयताच ना?"

"मुकादम अर्धा घेत न्हाई. जोडीला तुझं नाव दिलंय."

"पन परीक्षा पुढच्या महिन्यात हाय."

"टोळी उद्या निघती."

"मला ऊस कुठं तोडता येतो?"

"शिकशील. हे शिकायला कितीसा येळ लागला?"