मामाला विचारा, पहिला चांगला का दुसरा

...आता तुमीच सांगा, ह्यात आप्पासोंचं काय चुकलं? भाच्याचं लग्न जमवायला गेलेला माणूस, पाहुण्याच्या सोफ्यावर अंग चोरून बसलाय, पुढ्यात पोह्याची बशी, आणि समोरनं पोरगी विचारतीय, "मामा, तुम्हीच सांगा, पहिला चांगला का दुसरा?" पहिला काय आन् दुसरा काय! ज्यानं सगळी उमर फौजेत काढली, सुभेदार होऊन गावी आला, वाईजवळ ऊस लावून निवांत बसला, त्याला तुमी गेममधलं विचारताय?

थांबा, नीट सांगतो. न्हाईतर म्हणाल, हा बाबा मधनंच सुटला.

आप्पासोंची बहीण अंबूबाई. तिचा एकुलता एक विश्वजीत. बाप लवकर गेला, म्हणून मामानंच वाढवला. पोरगं गुणी, साताऱ्याला कारखान्यात इंजिनिअर, सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाई. खोट एकच... बोलत न्हाई! मुका न्हाई हो, तसलं काय मनात आणू नका. पण पोरगी बघायला गेला की ह्याची मान खाली. फरशी मोजायला आणलाय जणू! कराडच्या पोरीनं साधं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" तर हा म्हणतो, "हां." हां! हां हे उत्तर हाय व्हय? तिकडनं निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण आमच्या मुलीला घरात कुणीतरी बोलणारं लागतं.

अंबूबाई त्या निरोपावर दोन दिवस जेवली न्हाई. "दादा, पोरगं असंच ऱ्हाणार रं," म्हणून डोळ्याला पदर. म्हणून ह्यावेळी माधवनगरला निघताना आप्पासोंनी गाडीतच दम दिला, "विश्या, आज तोंड उघडलं न्हाईस तर येताना पेठनाक्यावर उतरवून ठेवीन."

"काय बोलू, मामा?"

"कायपण बोल! जे मनात येईल ते बोल!"

सांगा, काय चुकलं? कुठलाबी मामा हेच म्हणंल का न्हाई?

तर पोचलो माधवनगरला. लालासाहेबांचं घर. माणूस तालेवार, पण लय मोकळा. त्यांची शिवांजली सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवती. अंबूबाईला बायका आत घेऊन गेल्या. बाहेर उरले लालासाहेब, आप्पासो आणि ही दोघं. कोपऱ्यात मी, पण मला कोण विचारतंय, मी आपला गाडी चालवणारा चुलतभाऊ! पोहे आले. लालासाहेब म्हणाले, "पाऊस यंदा बरा." आप्पासो म्हणाले, "बरा." झालं! पंखा फिरतोय... विश्वजीत फरशी बघतोय... आप्पासोंनी बुटाच्या टोकानं डिवचलं, तर बघणंच बंद करून त्यानं डोळे मिटले!

आणि उघडले ते नेमके टीव्हीच्या खाली. तिथं ते काळं, दोन शिंगांचं, हातात धरून बटणं दाबायचं असतं ना गेमचं, ते पडलेलं. भाच्याच्या तोंडावर असा उजेड पडला की आप्पासोंना वाटलं, पोरगी आवडली!

"भावाचं का?" विश्वजीतनं विचारलं.

"भाऊ नाही मला. माझं आहे," शिवांजली म्हणाली. "सध्या ‘आयर्न व्हॅली’ खेळतेय. दुसरा भाग."

"दुसरा?" हा ताठ बसला. "दुसरा कुणी खेळतं का? पहिला तो पहिलाच!"

मंडळी, एवढं लांब वाक्य आप्पासोंनी त्याच्या तोंडनं वर्षात ऐकलं नव्हतं! पोह्याचा घास तसाच तोंडात. आनंद होणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "पहिल्यात आहे काय? नुसतं घोड्यावर बसायचं आणि दिसेल त्याला मारत सुटायचं!"

"आवं, ती पुलावरची लढाई? धुक्यातनं ते सगळे येतात ती? अंगावर काटा येतो! आणि दुसऱ्यात काय केलंय त्यांनी? माझ्या कॅप्टनला म्हातारा केला! चार पावलं चालला की दम लागतो. आणि कामं काय, तर हिचं औषध नेऊन दे, त्याची लाकडं आणून दे. कॅप्टन हाय का घरगडी?"

"लढाईवरनं घरी आलेल्या माणसाचीच गोष्ट आहे ती! मारणं सोपं असतं. परत येऊन घर उभं करणं अवघड."

आणि मग जे जुंपलं ते जुंपलं! लालासाहेब ह्याच्याकडं बघतायत, तिच्याकडं बघतायत, टेनिसची म्याच बघावी तसे. आप्पासोंना अक्षर कळंना. पण भाचा बोलतोय, हातवारे करून बोलतोय, एवढं कळत होतं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि देवाला मनातनं हात जोडले.

आणि इथं सगळा घोटाळा झाला.

आत, स्वैपाकघरात, अंबूबाई चहा पितीय आणि दारातनं तिला ऐकू काय येतंय? पोरीचा आवाज : "पहिला मी तीनदा संपवला! पण खरं सांगू, दुसऱ्यावर माझा जीव जडला. वर्षभर सोडला नाही त्याला." कप तसाच खाली. वर आपलं पोरगं ओरडतंय, "दुसऱ्यात हाय काय एवढं? नुसता दिसायला चकाचक!"

अंबूबाई बाहेर आली ती पदर खोचूनच. "दादा, ऊठ."

"अगं, काय झालं?"

"ऊठ म्हणते न्हवं! पहिला संपवला म्हणती, तीनदा संपवला म्हणती, दुसऱ्याला वर्षभर सोडला न्हाई म्हणती... आन् तू पोहे खात बसलायस? आपलं पोरगं तिसरं व्हय रं?"

लालासाहेबांचा चेहरा पडला. दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला का लाज झाकायला, कोण जाणे! सगळी खोली आप्पासोंकडं बघायला लागली, म्हणजे जणू त्यांनीच पोरीची दोन लग्नं लावून दिलीत. आता सांगा, काय चुकलं त्या माणसाचं?

वाचवलं ते शिवांजलीनं. ती आधी पोट धरून हसली, मग उठून तिनं अंबूबाईचा हात धरला, "आई, गेम आहे हो. या, दाखवते," म्हणून तिला टीव्हीसमोर बसवलं आणि लावला की दुसरा भाग! हिरवी दरी, धुकं, मेढ्याकडं पावसाळ्यात असतं तस्सं. आणि पाठमोरा एक दाढीवाला म्हातारा, अंगावर जुना फौजी कोट.

"ह्यो व्हय पहिला नवरा?" अंबूबाईचा संशय अजून पुरता गेला नव्हता.

"ह्योच कॅप्टन," विश्वजीत म्हणाला. "बघ मामा, आता पाणी आणायला निघंल. ह्याच्यापायी मी दुसरा सोडला."

कॅप्टन निघाला. चढ लागला. अर्ध्यात थांबला, दगडावर बसला, आणि हात गुडघ्यावर ठेवून लांब बघत राहिला. आप्पासोंचा हातही आपसूक आपल्या गुडघ्यावर गेला. उजव्या. सियाचीनवरनं आल्यापासनं तोच दुखतो.

विश्वजीत म्हणाला, "आता बटण दाबलं की उठतो."

"नको," आप्पासो म्हणाले. "बसू दे त्याला."

भाच्यानं मामाकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, परत मामाकडं. तिथंच पोरीनं ते विचारलं, "मामा, तुम्हीच सांगा, पहिला चांगला का दुसरा?"

आप्पासो गुडघ्यावरनं हात फिरवत म्हणाले, "पहिला मी बघितला न्हाई, पोरी. पण तसलं मी केलंय. त्याचं गाणं गाणारे लय असतात. हे घरी येऊन पाणी भरायचं कुणी दाखवत न्हाई. ह्यो दुसरा खरा हाय."

विश्वजीत मान खाली घालून म्हणाला, "मी... खरं म्हणजे दुसरा पहिल्या तासातच सोडला होता."

"काय? पहिल्या तासात सोडलात आणि एवढे भांडलात?"

"पण पुलाची लढाई..."

"ती भारीच आहे," शिवांजली म्हणाली. "तसली दुसऱ्यात एकपण नाही, हे कबूल. आणि त्या लाकडं आणायच्या कामाला मीपण कंटाळले होते. पण तिसरा?"

"तिसरा!" विश्वजीत उडालाच. "कॅप्टनला रंगीत टोपी घालून नाचवलंय!"

"कोंडून घालायला पाहिजे होतं बनवणाऱ्यांना!"

"काढायलाच नको होता!"

आणि तुमाला सांगतो, पहिल्या-दुसऱ्यावरनं भांडलेली ती दोघं तिसऱ्याला शिव्या घालताना अशी एका सुरात आली की लालासाहेबांनी आतनं पेढे मागवले. अंबूबाईनं पोरीच्या तोंडात पेढा घातला, वर तिच्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, "आता चौथा काढू नकोस म्हणजे झालं."

जमलं! येताना पेठनाक्यावर कुणाला उतरवलं न्हाई. उलट भाचा साताऱ्यापर्यंत बोलत होता. गप्प बस म्हणायची पाळी आली! पण आप्पासो गप्प बस म्हणाले न्हाईत. खिडकीकडं तोंड करून नुसते हसत होते.

आता वाटलं, संपलं. तर वाईचे अनंतगुरुजी, तरणाताठा माणूस, त्यांनी पंचांग बघून फक्कड मुहूर्त काढून दिला. आप्पासोंनी दोन्हीकडं कळवला. दोघांचं एकच उत्तर, "त्या आठवड्यात जमणार नाही, चौथा भाग येतोय!" अंबूबाई कपाळ धरून बसली. आप्पासो मुकाट्यानं गुरुजींना फोन करायला उठले. लय ओशाळून म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका, पोरांचं त्या आठवड्यात एका गेमचं काहीतरी हाय... तारीख बदलून द्याल का?"

तिकडनं गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "अरेच्चा! आयर्न व्हॅली का? मुहूर्त काढताना माझ्या कसं ध्यानात आलं नाही... बदलू, बदलू, आप्पासो. त्या आठवड्यात मी तरी कुठं मोकळा आहे!"