कोळशाचे ठसे

…आणि वर मावशी मलाच म्हणते, "पुस्तक राहिलं ना? मग तोंड पाडून का बसलीस?" आता का नाही बसणार? तुम्हाला सांगते, माझी मावशी कॉलेजात ग्रंथपाल, सुट्टीत मला सोबत नेते, आणि यंदा कलेच्या इतिहासाची नवी पुस्तकं यायची होती, जागा नव्हती, म्हणून नियम काय, तर दहा वर्षांत कुणी घरी नेलं नाही ते पुस्तक बाद! मी फक्त तारखांची चिठ्ठी बघून सांगायचं. बाकी मी आपली गप्प.

तर एक निघालं शिल्पांचं. केवढं धूड! उचललं तर कंबर म्हणते, ठेव खाली. चिठ्ठी कोरी करकरीत. "टाक बादच्या ढिगात," मावशी म्हणाली. पण पानांच्या कडा काळ्या… आणि मध्ये एका जागी तर फारच! उघडलं, तर दगडी हाताचा फोटो, नुसतं मनगट आणि बोटं, आणि भोवती कोळशाचे ठसे, एक तर अख्खा अंगठा! म्हणजे चित्रकलेची मुलं चित्र काढता काढता तशाच हातांनी इथे येऊन हेच पान बघत होती! घरी कोण नेणार एवढं ओझं? पण सगळ्यांनी हाच हात का बघितला? करंगळी जराशी उचललेली… का बरं? तो हात काही धरतोय, की सोडतोय? मावशीला सांगावंसं वाटलं हो! पण मी आपली गप्प.

दुपारी चित्रकलेचे सर आले, शेवटचा शब्द त्यांचा. चष्मा कपाळावर, आणि शोधतायत टेबलावर! "कुणी नेलं नाही? मग कशाला हवं? जाऊ दे!" शिपाईकाकांनी ढिगाला दोरी गुंडाळली, गाठ मारणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालंच, "नेलं नाही, पण बघितलंय!"

सगळे माझ्याकडे! कान असे तापले म्हणून सांगू… मी आपलं पान उघडून पुढे केलं. सर वाकले, वाकले, नाक टेकलं पानाला. "अरे! हा अंगठा माझा! मी इथे शिकत होतो तेव्हाचा!" डोळे भरून आले हो त्यांचे. आणि लगेच, "पण ही बाकीची घाण कुणी केली? एवढं मोलाचं पुस्तक उघड्यावर? काचेच्या कपाटात ठेवा, कुलूप लावून!"

किल्ली सरांकडे. मागायची तर त्यांच्या खोलीत जायचं, तिथे कॉलेजातली मोठी मुलं बसलेली, त्यांच्यासमोर कारण सांगायचं… काय सांगू, करंगळी बघायचीय म्हणून?

सध्या मी काचेतून पुठ्ठा बघते. बरा आहे पुठ्ठा.