सातव्या दीर्घिकेचा वेग

...आणि आकडा सोळा हजार नऊशेच होता असं मला आठवतंय, म्हणजे आठवतंय असं वाटतंय, कारण या वयात साक्षही आपणच द्यायची आणि उलटतपासणीही आपणच घ्यायची! तर तुम्हाला सांगतो, माझ्या प्रबंधात दीर्घिकांचा एक घोळका होता, बाराजणी, प्रत्येकीचा वर्णपट काचेच्या पट्टीवर उतरवलेला, त्यातल्या रेघा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या ते यंत्राचं चाक फिरवत भिंगातून मोजायचं, की ती किती वेगाने दूर चाललीय ते कळतं. अकराजणी सेकंदाला पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास. आणि सातवी... सोळा हजार नऊशे. मोजलं होतं हो, पण नीट मोजलं होतं का?

बरं, नेमकी सातवीच रेडिओवाली. रेडिओ दुर्बिणीत तिच्या दोन शेपट्या दिसायच्या, भरधाव स्कूटरवरच्या मुलीच्या वेण्यांसारख्या मागे उडालेल्या. ती घोळक्यातून खरंच अशी धावत असेल तर शेपट्यांचं कोडं सुटलं, प्रबंध झाला. नसेल तर माझ्याकडे उरतं काय? तक्ता. आमचे सर चष्मा पुसत म्हणाले, "अहो, ती या घोळक्यातली नसेलच, लांब मागची कुणीतरी असेल. तुमचं मोजमाप तरी नीट आहे ना?" संपलं. त्या 'ना'ने माझी झोप नेली.

एकोणीस वेळा मोजलं, एकोणीस वेळा तोच आकडा. दुसरा कुणी पेढ्यासारखा तोंडात टाकून मोकळा झाला असता. मला वाटलं, मी आता मोजत नाहीये, पाठ म्हणतोय! म्हणून बायकोला यंत्रापुढे नेऊन बसवायचं ठरवलं. निघताना मी कुलूप ओढून बघतोय तर म्हणते, "पाचवी वेळ. आता कडी हातात येईल." तिथे तिने चाक फिरवलं, रेघ गाठली, मी गणित केलं. सोळा हजार नऊशे.

"झालं? निघायचं?"

"तुला आकडा आधी माहीत नव्हता ना?"

"अहो, महिनाभर झोपेत तोच तर बडबडताय."

आता अशी साक्ष कशी धरायची, तुम्हीच सांगा! तिला उत्तर ठाऊक होतं, चाक कुठे थांबवायचं ते थोडंच ठाऊक होतं... पण हे सुचायला मला अकरा वर्षं लागली. मोजलं होतं, पण नीट मोजलं होतं का? छपाईच्या आदल्या दिवशी सातवी काढून टाकली. तळटीप दिली: 'मोजमाप संशयास्पद.' तोंडी परीक्षेत विचारलं, "मग शेपट्या वाकल्या कशाने?" म्हटलं, "निश्चित सांगता येत नाही." पदवी मिळाली, तक्त्याची.

निवृत्त झाल्यावर एका नव्या दुर्बिणीची यादी आली. त्या घोळक्यातल्या तीनशेजणी, सातवीही त्यांच्यातच, तिच्याएवढ्याच वेगाच्या आणखी वीसजणींसोबत. सातवीचा वेग सोळा हजार नऊशे बारा. बायकोला दाखवलं.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं."

"तसं नाही म्हणता येणार," मी म्हटलं, "बारा किलोमीटरने चुकलंच होतं."